पुसल्याशिवाय

“ओली असताना घडी घालू नका, बाई. वाफ आत कोंडते, आणि मग चादर कुबट वास सोडत राहते. आधी पसरा, हात फिरवून बघा, कोरडी लागली तरच घडी.” आजींचा आवाज गेले तीन आठवडे तिच्या कानात मुक्कामालाच आला होता, त्यामुळे मागच्या अंगणातल्या नळाखाली खळीने बरबटलेले हात धुताना तो पुन्हा ऐकू आला तेव्हा तिला वाटलं, आठवणच आहे. मग त्या आवाजाने खोकून घसा साफ केला. आठवण खोकत नाही. तिने नळ बंद केला. आवाज मोठ्या दालनातून येत होता, फरशीवरून घरंगळत, भिंतींवर आपटून थोडा फुगलेला, जसं पाण्यात पडून राहिलेलं बोट फुगतं तसा. बोटांच्या बेचक्यांत खळ अजून चिकटलेली होती. ती पुसायला काही हाताशी नव्हतं, म्हणून तिने हात तसेच हवेत धरले, आणि तशीच, कुणीतरी शरण येताना हात वर करावेत तशी, दालनाच्या दारापर्यंत गेली.

इमारत एका इस्पितळाच्या धुलाईघराची होती. इस्पितळ कधीच दुसरीकडे हललं, वरचे मजले रिकामे पडले, आणि तळमजल्यावरचं हे धुलाईघर सहा आठवड्यांपुरतं ‘तात्पुरत्या शाळे’ला मिळालं. शाळा म्हणजे शिक्षक नसलेली, परीक्षा नसलेली, प्रमाणपत्र नसलेली. विद्यार्थी म्हणजे नऊ चांगले वयाने वाढलेले कलावंत, प्रत्येकाच्या मागे दोन-चार प्रदर्शनं आणि पुढे एक-एक भिंत. तिच्या भिंतीला दोन वर्षं झाली होती. ती चित्रं काढायची, म्हणजे काढत असे. रोज सकाळी कुणाशीही बोलायच्या आधी कागदावर एक रेघ ओढायची हा तिचा पंधरा वर्षांचा नेम; तो तिने मोडला नव्हता, पण दोन वर्षं त्या एका रेघेला दुसरी रेघ भेटायला आली नव्हती. सकाळी रेघ, मग चहा, मग दिवसभर काही नाही. नवऱ्याने शाळेचं पत्र वाचून चष्मा कपाळावर सरकवला होता. “पन्नाशीला आलीस आणि शाळेत घालायची वेळ आली माझ्यावर. डबा देऊ का बांधून?” ती हसली होती. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून घरी आल्यावर कुणाचीही चूक काढायचा नाही. “जा गं,” तो म्हणाला होता, “फार तर काय, काही शिकणार नाहीस.”

पहिल्याच दिवशी सगळ्यांना चपला काढून वर्तुळात बसवलं. निमंत्रक, म्हणजे ज्याने ही शाळा जमवली तो रुपेरी केसांचा, मऊ हातांचा गृहस्थ, स्वतःला मास्तर म्हणवून घ्यायचा नाही. “आपण इथे काही मिळवायला नाही, सोडायला आलोय,” तो म्हणाला, आणि त्याने मातीचा एक मोठा पेला चहा भरून फिरवला. नऊ तोंडं, एक पेला. तिच्यापर्यंत आला तेव्हा कडेला कुणाच्या तरी ओठांची ओली चंद्रकोर होती आणि आतला चहा कोमट झाला होता, अंगाइतका कोमट. ती प्यायली. नाही कसं म्हणायचं? शेजारच्या मातीवालीने, त्या जाडजूड, मातीची भांडी घडवणाऱ्या बाईने, तिच्या कानाशी पुटपुटत म्हटलं, “पेला माझ्या हातचा आहे, म्हणून सांगते, हा एकेकट्याने प्यायचा असतो.” पुढे रोज सकाळी ते वर्तुळ आणि त्यात ते बोलणं. जो तो आपलं आतलं बाहेर काढून मध्ये ठेवायचा. कुणाचा घटस्फोट, कुणाच्या बापाचा मार, कुणाची भीती. आणि बाकीचे माना डोलवायचे, डोळे ओले करायचे आणि म्हणायचे, “धन्यवाद, हे वाटून घेतल्याबद्दल.” तिला शिसारी यायची, दुःखाची नव्हे, त्या ओलाव्याची. कोमट, सगळ्यांच्या ओठांना लागलेला ओलावा. तिची आई रोज एक गोष्ट बोलायची नाही. तो आईचा नेम होता. दिवसातून एक तरी गोष्ट ओठांवर आली तरी गिळायची, आणि कुठली गिळली तेही कुणाला सांगायचं नाही. लहानपणी ती आईच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची, आता गिळेल, आता गिळेल. कधीच कळलं नाही. आई गेली तेव्हा तिच्या पोटात किती हजार गोष्टी असतील, या विचाराने तिला दडपल्यासारखं झालं होतं, आणि त्याच दडपणाखाली तिची दुसरी रेघ अडकून पडली होती, असं तिला कधी कधी वाटायचं. शाळेत तिने हे सांगितलं नाही. तिची पाळी आली की म्हणायची, “मी आज ऐकते.” निमंत्रक मऊ हसायचा. “ऐकणं हीसुद्धा एक देणगी आहे.” त्याच्या तोंडी प्रत्येक गोष्ट देणगी होऊन यायची, आणि गुळगुळीत होऊन यायची, चोखून टाकलेल्या खडीसाखरेसारखी.

तिसऱ्या आठवड्यात काम आलं. इमारतीची आठवण गोळा करा, जिवंत माणसांकडून. तेव्हा आजी भेटल्या. त्या स्वतःच आल्या होत्या, फाटकापाशी उभ्या राहून आत डोकावत, हातात भाजीची पिशवी. “एकतीस वर्षं इस्त्री केली हो इथे,” त्या म्हणाल्या, “आता तुम्ही काय धुता?” सगळे हसले, पण आजींना हसू आलं नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने त्यांना आत आणलं, अंगणातल्या दगडावर बसवलं, फोन मध्ये ठेवला आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं. आजींनी फोनकडे एकदा पाहिलं आणि विसरून गेल्या. मग चादरी. इतक्या चादरी. रक्ताची कशी वेगळी भिजवायची, औषधाचा डाग कसा ओळखायचा, लाकडी रुळांतून चादर जाताना बोट कसं वाचवायचं. खळ किती घट्ट. ते ऐकताना तिला कित्येक महिन्यांनी बरं वाटलं, कारण कुणीतरी आपल्या कामाबद्दल बोलत होतं आणि स्वतःबद्दल बोलत नव्हतं. आणि मग, खळीच्या प्रमाणावरूनच, आजी न थांबता दुसरीकडे वळल्या. “माझ्या मुलीचं बाळंतपण इथेच वर झालं. बावीस वर्षं झाली. ती बेशुद्ध होती. मला खालून बोलावलं, तशीच गेले, हात इस्त्रीने गरम. नर्सने बाळ माझ्या हातात दिलं, मुलगी होती. म्हणाली, फार वेळ नाही. हात गरम होते म्हणून की काय, तिने डोळे उघडले. सव्वा तास होती. घड्याळ समोरच होतं. मी उठवू शकले असते माझ्या लेकीला, डॉक्टर म्हणाले होते, हाका मारून बघा. मी हाक मारली नाही. म्हटलं, बघेल आणि मग गमावेल, त्यापेक्षा बघूच नये. शुद्धीवर आल्यावर सांगितलं, रडलीच नाही गं ती, आली तीच गेलेली. अजून तेच ठाऊक आहे तिला.” अंगणात नळ टपटपत होता. आजींनी पिशवीतली भाजी उगाच सारखी केली, फोनकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे. “हे मला पुसल्याशिवाय कुणाला ऐकवू नका हं, बाई.” ती म्हणाली, “पुसल्याशिवाय नाही, आजी. शब्द देते.” तेव्हा तिला तो शब्द किती छान वाटला होता. पुसणं. आईच्या तोंडचा शब्द. आता सगळे ‘विचारणं’ म्हणतात. पुसणं उरलंय ते फक्त ‘कोण पुसतंय’ म्हणायला.

आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, तिने ते दिलं. याला दुसरं नाव नाही. प्रत्येकाने समाईक संग्रहात एक वस्तू टाकायची होती. आठ जणांनी टाकली होती, आणि तिच्याकडे कोऱ्या कागदावरच्या रेघांखेरीज काही नव्हतं. वर्तुळात आठ चेहरे तिच्याकडे वळले, मऊ, समजूतदार, वाट बघणारे, आणि त्या समजूतदारपणाची तिला इतकी किळस आली की तो चेहऱ्यांवरून खरवडून काढण्यासाठी तिने फोन पुढे केला. म्हणाली, “हे फक्त आपल्यापुरतं. बाहेर नाही.” सगळ्यांनी ऐकलं. ध्वनीवाला, म्हणजे जो आवाजांपासूनच कलाकृती करायचा तो तरुण दाढीवाला, डोळे मिटून बसला होता, त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, “बापरे. हे तू केलंस?” आणि तिला आनंद झाला. तो आनंद आता आठवला की तिच्या जिभेच्या मुळाशी आंबट पाणी सुटायचं. एका म्हातारीने बावीस वर्षं गिळलेली गोष्ट तिने ताटात वाढली होती आणि वरून, कशी झालीय, म्हणून विचारल्यासारखी ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं, हे तू केलंस? तिने ‘नाही, मी नाही, आजींनी’ असं म्हटलंही होतं, पण अशा सुरात की ते नम्रपणासारखं वाटावं.

आता ती दालनाच्या दारात उभी होती. आज शेवटचा दिवस. पाच वाजता फाटक सगळ्यांसाठी उघडायचं होतं आणि दुपारी ही रंगीत तालीम. ती आठवडाभर मागच्या अंगणात आपल्या कागदांना खळ लावत होती, आत काय बसवलंय ते तिला ठाऊक नव्हतं. मधल्या मोकळ्या फरशीवर पांढऱ्या खळीने एक मोठी बाई रेखाटलेली होती, आडवी, हात पसरलेली, खळ अजून ओली, चमकणारी, शेंबडासारखी. चार कोपऱ्यांत चार कर्णे. आणि तिचे सहाध्यायी, अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत, हातात फडकी घेऊन गुडघ्यांवर बसून ती बाई पुसत होते. सावकाश, भक्तिभावाने. पायांपासून वर. कर्ण्यांमधून आजी म्हणत होत्या, हात इस्त्रीने गरम, आणि कुणीतरी रेखाटलेल्या बाईचे हात पुसत होतं. फडकी बादलीत पिळली जात होती, गढूळ पांढरं पाणी बोटांतून ओघळत होतं. तिला सगळ्यात आधी जाणवला तो वास. ओल्या खळीचा, फडक्यांचा आणि माणसांच्या तळपायांचा. मग आजी म्हणाल्या, “मला पुसल्याशिवाय कुणाला ऐकवू नका हं, बाई,” आणि ते वाक्य पुन्हा आलं, आणि पुन्हा, ध्वनीवाल्याने ते तोडून फिरतं ठेवलं होतं, मला पुसल्याशिवाय, मला पुसल्याशिवाय, आणि त्या तालावर फडकी चेहऱ्यापर्यंत पोचली.

क्षणभर तिला काही कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू आलं, खरंखुरं, पोटातून, ओकारी यावी तसं.

“थांबवा,” ती म्हणाली. कुणी थांबलं नाही. तिने जाऊन ध्वनीवाल्याच्या खांद्यावर खळीचा हात ठेवला. “अरे, थांबव ते.”

त्याने आवाज बंद केला. “काय झालं? ताल चुकतोय का?”

“तू काय समजलास त्या वाक्याचा अर्थ?”

“म्हणजे? तीच तर सगळ्याची किल्ली आहे. ती म्हणते, आधी मला पुसा, मग ऐकवा. मी नाहीशी झाल्याशिवाय माझी गोष्ट सांगू नका. अंगावर काटा येतो. इतकी वर्षं दुसऱ्यांचे डाग पुसलेली बाई स्वतःला पुसून मागते!”

“पुसणं म्हणजे विचारणं रे. मला विचारल्याशिवाय कुणाला ऐकवू नका, असं म्हणाल्या त्या. साधं. नको म्हणाल्या.”

दालनात कुणाच्या तरी फडक्यातून पाणी टपकलं. ध्वनीवाल्याचं तोंड थोडं उघडं राहिलं. तो काही वाईट मुलगा नव्हता, त्याच्या चेहऱ्यावर एक निमिष खरी लाज येऊन गेली, तिने ती पाहिली. पण तेवढ्यात मागून निमंत्रकाचा मऊ आवाज आला. “दोन्ही अर्थ,” तो हळूच म्हणाला, चव घेत. “पुसणं आणि पुसणं. अरे वा. हे तर आणखी खोल गेलं. हे पत्रकात घातलं पाहिजे.”

“वा,” मातीवाली फरशीवरून उठत म्हणाली. “आणि मी तासभर गुडघे टेकून काय पुसतेय, तर म्हातारीचा नकार.”

“हे वाजवायचं नाही,” तिने निमंत्रकाला सांगितलं. आवाज चढला नाही. तो चढवायची तिला सवयच नव्हती. “मी शब्द दिला होता.”

“तू दिलास ना, शब्द? आणि मग आम्हाला दिलंस, मुद्रण. मी तुला दोष देत नाही, तो तुझा प्रवास आहे. पण संग्रहात आलं ते सगळ्यांचं झालं, हे पहिल्या दिवशी ठरलं. मालकी सोडायची.” त्याने तिचा चिकट हात स्वतःच्या दोन्ही मऊ हातांत घेतला. “आणि विचार कर, त्या स्वतः आल्या तर? त्यांच्याही हातात एक फडकं देऊ. काय मोकळं होणं असेल ते!”

तिने हात सोडवून घेतला. त्याच्या तळव्यावर खळीचा पांढरा ठसा उमटला आणि त्याने तो पुसला नाही, आदराने तसाच राहू दिला. तेवढं बघून तिला त्याची किळस आली. आणि त्याच्यापेक्षा आपलीच किळस जास्त आली, कारण त्याचं बोलणं खोटं नव्हतं. तिनेच दिलं होतं. पेला फिरवणारा तो होता, पण त्यात आजींना ओतणारी ती.

त्या स्वतः आल्या तर. तिला सकाळ आठवली. आजच सकाळी फाटकाशी एक चाळिशीपलीकडची बाई भेटली होती, हातात शाळेचं पत्रक. स्वयंसेवकांनी आसपासच्या गल्ल्यांत दारांखालून सरकवलेलं. “माझी आई इथे इस्त्रीला होती,” ती म्हणाली होती. हनुवटी थेट आजींची. “आज संध्याकाळी तिला घेऊन येतेय. कुठे जायचं ते सांगणार नाही, गंमत करायची तिची. घरातून हलतच नाही हो. मी म्हटलं, तुझं धुलाईघर लोकं बघायला येतायत, तूच नको का?” आणि तिने हसून म्हटलं होतं, “या ना, नक्की या.” मनात काहीतरी टोचलं, पण तिला तेव्हा वाटलं, मुद्रण तर आत आहे, आपल्यापुरतं आहे, आणि संध्याकाळी तिच्या कोऱ्या खळ लावलेल्या कागदांखेरीज आजींना दाखवायला तरी काय आहे. घर कुठे, हेही विचारलं नाही. नऊ कलावंतांपैकी कुणीच आजींना कधी विचारलं नव्हतं, तुम्ही राहता कुठे.

“किती वाजले?” तिने मातीवालीला विचारलं.

“साडेतीन होतायत.”

“त्यांची मुलगी येणार आहे. पाचला. तिला माहीत नाही. ती बावीस वर्षं...” आणि तिथे तिला थांबता आलं. ते पुन्हा सांगायचं नव्हतं, इथे तर नाहीच.

मातीवालीने तिच्याकडे बघितलं, मग चार कर्ण्यांच्या तारा जिथे एकत्र येत होत्या त्या काळ्या पेटीकडे. ती जाऊन पेटीवर बसली, सावकाश, नीट ऐसपैस, आणि खाली हात घालून एकेक तार उपटून मांडीवर ठेवायला लागली. “माझं वजन बघता ही आता कलाकृतीच झाली म्हणायची,” ती म्हणाली. “निमंत्रक, याला काय म्हणतात तुमच्यात? हस्तक्षेप ना? तू जा गं. पाच काय, सात वाजले तरी हा डबा बोलणार नाही.”

“माझ्या संगणकात आहे ते,” ध्वनीवाला म्हणाला. मग खाली बघून, “सगळ्यांच्याच आहे. मी माझं काढून टाकतो.” त्याने ‘पुसतो’ म्हटलं नाही.

म्हणजे ते गेलंच होतं. नऊ जणांकडे होतं, आणि उद्या नऊ गावांना जाणार होतं, कुणी काढेल, कुणी विसरेल, कुणी वर्षभराने कुठल्या तरी दालनात चार कर्णे टांगेल. ते परत आणणं तिच्या हातात नव्हतं. आजच्या पाचपुरतं मातीवाली पेटीवर बसली होती, बस. बाकी उरलं होतं ते एकच, आणि तेही तीन आठवडे उशिरा. आजींनी कधीच ऐकवू नका असंही म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, आधी मला. त्यांचं होतं ते त्यांच्या हातात असावं, मुलीला सांगायचं, न सांगायचं, आज संध्याकाळी पाय दुखतात म्हणून घरी बसायचं, की बसून सांगायचं. ते ठरवायला त्यांना कळायला हवं होतं की आता ते त्यांच्या एकट्यांच्या पोटात राहिलेलं नाही.

तिने चपला शोधल्या. वर्तुळाबाहेर काढलेल्या अठरा चपलांच्या ढिगात तिची एक वर होती आणि एक खाली, कुणाच्या तरी ओल्या पायाखाली येऊन चिंब झालेली. ती तशीच पायात सरकवली. रस्त्यावर ऊन होतं, दुकानं दुपारची झापडं ओढून बसली होती, आणि चालता चालता ती मनात वाक्यं जुळवायला लागली. आजी, त्या दिवशी आपण जे वाटून घेतलं... थू. आजी, एक गैरसमज झाला. गैरसमज ध्वनीवाल्याचा झाला होता, तिचा कुठला? आजी, प्रक्रियेत असं... प्रत्येक वाक्याला त्या पेल्याच्या कडेची चव येत होती. एकेक वाक्य ती टाकत गेली, आणि शेवटी तिच्याजवळ तीन शब्दच उरले, मी ते दिलं, आणि पुढे काही नाही. त्या काय करतील? दार लावून घेतील. किंवा आत बसवतील, पाणी देतील, आणि मुलगी शेजारी उभी असेल, तेव्हा तिच्यासमोर काय बोलायचं? मुलीला दुकानात पाठवा म्हणायचं का? की आजींच्या चेहऱ्यावरूनच मुलीला कळेल? यातलं काहीच तिच्या हातचं नव्हतं, पण पाय मात्र थांबले नाहीत.

चौकात किल्ल्या बनवणारा एकटाच जागा होता, कानसेने काहीतरी घासत. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“इथे एक आजी राहतात. इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीला होत्या, एकतीस वर्षं. मुलगी असते बरोबर.”

“नाव काय?”

तिने मान हलवली. त्याने कानस बाजूला ठेवली, तिच्या हातांकडे पाहिलं, कोरडी पडून तडकलेल्या पांढऱ्या खळीकडे.

“रंगकामाला आलात?”

“नाही. एक गोष्ट विचारायचीय त्यांना.”

“मग पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ जा,” तो म्हणाला, “तिथे डावीकडे वळा. पुढे गल्ल्या फार आहेत. पुन्हा कुणाला तरी विचारा.”

“विचारते,” ती म्हणाली, आणि टाकीच्या दिशेने चालायला लागली.